ओहोटीचा वास आणि गुलाबी पक्षी

ऐरोलीचा पूल आला, की गाडीतली मंडळी भराभर काचा वर करतात. ‘सगळ्या मुंबईची घाण इथं!’ हे वाक्यही ठरलेलं. ठाणे खाडीत सांडपाणी येतं, यात वाद नाही. पण ओहोटीला सुटणाऱ्या त्या सडक्या अंड्यासारख्या वासाचं सगळं खापर गटारांवर फोडता येत नाही. खाडीचा चिखल इतका दाट, की वरच्या पातळ थराखाली प्राणवायू पोचतच नाही. प्राणवायूवाचून जगणारे जिवाणू तिथं पालापाचोळा कुजवतात आणि हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. स्वच्छातल्या स्वच्छ खाडीतही हा वास येतो. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर येतात, तीही श्वासासाठीच.

फ्लेमिंगो आले म्हणजे पाणी सुधारलं, हा समज तर फोटोंनीच पसरवलाय. इथं बहुसंख्येनं येणारा छोटा रोहित हा फ्लेमिंगो मुख्यतः नीलहरित शेवाळावर जगतो, आणि सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर ते शेवाळ फोफावतं. म्हणजे पक्ष्यांची गर्दी हा स्वच्छतेचा दाखला नव्हे. दुर्बिणीतून एकच पक्षी निवांत न्याहाळा. मान खाली, चोच उलटी. जीभ पंपासारखी चालते, पाणी आत-बाहेर होतं आणि चोचीच्या कडेच्या बारीक झालरीत शेवाळ अडकतं. पिसांचा गुलाबी रंगही त्यातूनच येतो. पिल्लं करडी असतात. ती इथं दिसायची नाहीत, कारण त्यांचा जन्म कच्छच्या रणासारख्या ठिकाणी होतो.

‘लावा तिवरं, वाढतील फ्लेमिंगो’ हेही भाबडेपणाचंच. तिवरं हवीतच, पण या पक्ष्यांना चरायला उघडा चिखल लागतो. गाळ साचून झाडी पुढं सरकली, की त्यांचं ताट लहान होतं.

राहिली कागदावरची रेघ. 2015 मध्ये इथलं सुमारे 1,690 हेक्टर क्षेत्र अभयारण्य झालं, 2022 मध्ये खाडी रामसर यादीत गेली. मग आता पक्षी सुरक्षित, असं आपण धरून चालतो. पण भरती आली, की चिखल बुडतो, पाय टेकेनात, आणि थवे उठून नेरूळ-सीवूड्सकडच्या पाणथळींवर जातात. त्या जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. तेव्हा ऐन भरतीला खाडीत एकही फ्लेमिंगो दिसला नाही, तर हिरमुसू नका. नेरूळमध्ये कुणाच्या तरी गॅलरीसमोर, उथळ पाण्यात, ते एका पायावर झोपलेले असतील.