नवं कोणतं घ्यावं, जुनं कोणतं शोधावं

मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीत एखादी जुनी सोसायटी पुनर्विकासाला गेली की घरातून आधी बाहेर पडतात ती पुस्तकं. भाड्याच्या जागेत कपाट मावत नाही, मुलं पुण्याला नाहीतर परदेशी, आणि आजोबांनी बाइंडिंग करून ठेवलेले 'सत्यकथा' मासिकाचे अंक उघडणारं घरात कुणी उरलेलं नसतं. रद्दीवाला काटा लावतो आणि गठ्ठा गोदामात जातो. उपनगरातला जुन्या मराठी पुस्तकांचा बाजार बराचसा असाच, पाटीविना चालतो. माटुंग्याचं किंग्ज सर्कल किंवा फोर्टचा फूटपाथ ज्याला दर वेळी गाठता येत नाही, त्यानं गल्लीतल्या रद्दीवाल्याशी ओळख ठेवावी आणि दिवाळीच्या साफसफाईआधीच त्याच्या कानावर घालून ठेवावं.

नव्या पुस्तकांचं तसं नाही. तिथे सुचवणारा माणूस लागतो, आणि मराठीत ते काम पुस्तकविक्रेत्यांनी पूर्वीपासून केलं आहे. गिरगावात 1942 साली सुरू झालेल्या मॅजेस्टिक बुक स्टॉलच्या केशवराव कोठावळ्यांनी 1964 मध्ये 'ललित' मासिक काढलं, ते पुस्तकांविषयीच बोलायला. जयवंत दळवी त्यात 'ठणठणपाळ' या नावानं लेखक-प्रकाशकांच्या टोप्या उडवत. काय वाचावं आणि कशाच्या वाटेला जाऊ नये, हे त्या टवाळीतूनही कळे. (त्या काळातले 'ललित'चे अंक रद्दीत दिसले तर सोडू नका.) पार्ल्यात लोकमान्य सेवा संघात रंगणाऱ्या मॅजेस्टिक गप्पा हे त्याच परंपरेचं उपनगरी रूप. बोरिवलीत येशू पाटील यांनी 'शब्द'च्या नावानं पुस्तकांचं दालन चालवलं, प्रकाशन केलं, 'शब्द गप्पा' भरवल्या.

नवं की जुनं, हे बहुतेक जण किमतीवर ठरवतात. माझा हिशेब आवृत्तीचा आहे. मराठी पुस्तकाची आवृत्ती साधारण हजार प्रतींची; हल्ली पाचशेचीही निघते. एवढ्या छोट्या व्यवहारात पाच-पन्नास गिऱ्हाइकांनी फरक पडतो. म्हणून आज लिहिणाऱ्यांची आणि छोट्या प्रकाशकांची पुस्तकं पूर्ण किमतीला, नवीच घ्यावीत. जे पुन्हा छापलं जाण्याची आशा नाही, ते जुन्यात धुंडाळावं.

नव्यात पहिलं नाव जयंत पवारांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर'चं. लोकवाङ्मय गृहाच्या या कथासंग्रहाला 2012 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गिरणगाव उठला आणि माणसं लोकलच्या पुढच्या पुढच्या स्टेशनांवर राहायला गेली. त्यांच्या मुलांनी तर हे वाचायलाच हवं. दुसरं, अरुण कोलटकरांची 'भिजकी वही'. अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनानं काढलेला हा संग्रह जाडजूड आहे, एका बैठकीत संपवायचा नाही. मुलांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. 'श्यामची आई' घेताना मात्र जरा थांबावं. साने गुरुजींचं निधन 1950 मधलं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क खुले होतात, त्यामुळे 2011 पासून हे पुस्तक कुणीही छापू शकतं. संपूर्ण आहे की संक्षिप्त, एवढं आतलं पान उघडून बघावं.

जुन्यात खरी मौज मासिकांची. 'सत्यकथा' 1982 मध्ये बंद पडलं. कथासंग्रहात न आलेल्या कथा, वाद, पत्रव्यवहार, सगळं त्या अंकांतच राहिलं. अनंत अंतरकरांचे 'हंस' आणि 'नवल' यांचे दिवाळी अंक तसेच. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा मिळाल्या तर घ्या, कागद मात्र पापडासारखा मोडतो. माझा स्वतःचा जीव मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनांच्या मराठी पुस्तकांवर. अनिल हवालदारांचे अनुवाद, रंगीत चित्रं, जाड पुठ्ठा. 1991 मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि तिकडून येणारी पुस्तकंही थांबली. ज्यांच्या बालपणात ती होती ते सहजी देत नाहीत, म्हणून दिसली की घासाघीस न करता पैसे मोजावेत.

जुनं पुस्तक हातात आलं की आधी फर्मे तपासा. सोळा-सोळा पानांचा एखादा फर्मा गळलेला असतो, नाहीतर दोनदा शिवलेला; पृष्ठक्रमांक चाळले की समजतं. मग शिवण बघा आणि पानं नाकाजवळ धरा. आपल्या दमट हवेत कुबट वास आला तर बुरशी धरलेली असते. असं पुस्तक कपाटात गेलं की शेजारच्यांनाही लागण. कसरीची बारीक नक्षी चालेल, वाळवीचं भोक नको. वाचनालयाचा शिक्का असेल तर 'रद्द' असा शेरा शोधा. तो नसेल तर पुस्तक बहुधा कुणीतरी परतच केलेलं नाही, आणि ते वाचनालय अजून चालू असेल तर पुस्तक तिथे नेऊन द्यावं.

पैसे न घालता जुनं मिळवायचं असेल तर डोंबिवलीची गाडी पकडा. पै फ्रेंड्स लायब्ररीच्या पुस्तक आदानप्रदान सोहळ्यात आपलं वाचून झालेलं द्यायचं आणि दुसऱ्याचं घ्यायचं. जाताना चांगलं पुस्तक घेऊन जा. सगळ्यांनीच घरातली गाइडं आणि जुनी राशिभविष्यं नेली तर टेबलावर उचलण्यासारखं काय उरणार?