साथीचा साधेपणा : रॉक संगीतातील बेस गिटार आणि ख्यालाचा ठेका

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीपासून मिरजेची सतारमेकर गल्ली अवघ्या काही किलोमीटरच्या अंतरावर आहे. 1998 साली सांगली, मिरज व कुपवाड यांची मिळून एक महानगरपालिका झाली, तेव्हापासून ही तीन गावे प्रशासकीयदृष्ट्याही एकच नगर झाली आहेत. या नगरात आज दोन प्रकारचे संगीत शेजारी शेजारी नांदते. एका बाजूस किराणा घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अब्दुल करीम खाँ (निधन 1937) यांच्या स्मरणार्थ मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात होणारा संगीतोत्सव. दुसऱ्या बाजूस महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांतून गिटार, ड्रम आणि कीबोर्ड घेऊन उभे राहणारे तरुणांचे वाद्यवृंद. वरवर पाहता या दोहोंत काही साम्य नाही. तथापि 'साथ करणाऱ्याने किती वाजवावे?' हा प्रश्न दोन्हीकडे तितक्याच तीव्रतेने विचारला जातो, आणि त्याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही.

रॉक संगीतात हा प्रश्न प्रामुख्याने बेस गिटारच्या संदर्भात उपस्थित होतो. विद्युत बेस गिटार व्यापक प्रमाणावर प्रचारात आली ती लिओ फेंडर यांनी 1951 मध्ये बाजारात आणलेल्या वाद्यामुळे. तत्पूर्वी हे काम उभ्या, अवजड डबल बेसकडे असे. परंतु ड्रम आणि विद्युत गिटार यांच्या आवाजात तो ऐकू येत नसे. नव्या वाद्याला चारच तारा होत्या. त्या साध्या गिटारच्या खालच्या चार तारांहून एक सप्तक खाली मिळविलेल्या असतात. श्रोत्याला पुष्कळदा हे वाद्य स्वतंत्रपणे जाणवतही नाही. ते थांबले की मात्र गाणे एकदम पोकळ वाटते.

असे का होते, हे समजून घेणे आवश्यक आहे. सा, ग, प हे तीन स्वर एकत्र वाजत असताना खालून बेसने 'सा' धरला, तर तो स्वरसमूह प्रसन्न व स्थिर वाटतो. वरचे तीन स्वर तसेच ठेवून बेसने 'ध' धरला, तर तोच समूह कातर वाटू लागतो. कान सर्वांत खालच्या स्वराला आधार मानतो आणि वरच्या स्वरांचा अर्थ त्यावरून लावतो. म्हणजेच बेसवादकाने एक स्वर बदलला की गायकाच्या स्वराचा अर्थ बदलतो. दुसरे काम लयीचे. ड्रमच्या मोठ्या ढोलाचा आघात आणि बेसचा स्वर एकाच क्षणी पडले, तर लय श्रोत्याच्या अंगात उतरते. त्यांत किंचितही फट पडली तर गाणे सैल वाटते. इतकी जबाबदारी असलेल्या वाद्याने कमी वाजवावे, ही अपेक्षा त्यामुळे स्वाभाविक ठरते. ए.सी./डी.सी. या वाद्यवृंदात 1977 मध्ये आलेले क्लिफ विल्यम्स यांचे वादन याचा आदर्श मानले जाते. कित्येक गाण्यांत ते एकच स्वर समान अंतराने वाजवीत राहतात, आणि त्यांच्या जागी दुसऱ्या कोणाची कल्पना करवत नाही.

मात्र साधे तेवढे चांगले आणि अवघड तेवढे दिखाऊ, अशी विभागणी इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. अंगठ्याने तार ठोकून वाजविण्याचे 'स्लॅप' हे तंत्र आज चमकदारपणाचे प्रतीक समजले जाते. त्याचे प्रवर्तक लॅरी ग्रॅहम हे तरुणपणी आपल्या आईच्या गायनाला साथ करीत असत. त्या छोट्या संचात ड्रमवादक उरला नाही, तेव्हा त्याची उणीव भरून काढण्यासाठी ते तारा ठोकू लागले. म्हणजे ज्याला आपण प्रदर्शन म्हणतो, ते मुळात गाण्याची गरज भागविण्यासाठी जन्माला आले. याच ग्रॅहम यांनी स्लाय अँड द फॅमिली स्टोन या वाद्यवृंदाच्या 'एव्हरीडे पीपल' (1968) या गीतात आरंभापासून अखेरपर्यंत जवळजवळ एकाच स्वरावर मुक्काम केला आहे. तंत्र अवगत असणे आणि ते न वापरणे यांतला फरक इथे स्पष्ट दिसतो. याउलट 'द हू' या वाद्यवृंदाचे जॉन एन्टव्हिसल भरपूर वाजवीत; 'माय जनरेशन' (1965) या गीतात तर बेसला स्वतंत्र वादनाची जागाच दिलेली आहे. परंतु त्या संचात गिटारवादक एकच होता आणि ड्रमवादक कीथ मून सरळ लय धरून ठेवण्यापेक्षा ती फोडण्यात रमणारे होते. तेथे बेसने मोकळी जागा भरणे हीच गाण्याची सेवा होती.

हीच चर्चा ख्यालगायनाच्या क्षेत्रात 'ठेका' या शब्दाभोवती फिरते. विलंबित एकतालाच्या बारा मात्रांपैकी प्रत्येकीला चार सेकंद धरले, तर एक आवर्तन 48 सेकंदांचे होते. इतक्या लांब पल्ल्यात गायकाला आपण कोठे आहोत हे कळण्याचे साधन तबल्याचे बोल हेच असते. एकतालात 'धागे तिरकिट' हे बोल दोनदा येतात : तिसऱ्या-चौथ्या मात्रेवर आणि नवव्या-दहाव्या मात्रेवर. पहिल्यानंतर 'तू ना' येते, दुसऱ्यानंतर 'धी ना' येऊन सम जवळ येते. आलापात बुडालेला गायक या खुणांवर विसंबून मुखडा उचलतो. तबलजीने दोन मात्रांमधील अवकाश भरीच्या दाट बोलांनी व्यापून टाकला, तर या खुणा पुसट होतात. गायकाला मग मनात मात्रा मोजाव्या लागतात आणि स्वरावरचे त्याचे अवधान सुटते. किराणा घराण्याच्या संथ, एकेका स्वराला जोजविणाऱ्या गायकीत तर हे नुकसान विशेष जाणवते.

येथेही मंद्र नादाचे महत्त्व बेसप्रमाणेच आहे. त्रितालात दहाव्या ते तेराव्या मात्रेपर्यंत डग्ग्याचा घुमारा थांबतो आणि चौदाव्या मात्रेला परत येतो. खालचा आवाज नाहीसा होणे हीच 'खाली'ची खूण. श्रोता मात्रा मोजत नसला तरी हे येणे-जाणे त्याला कळते. त्याहूनही अबोल साथ तानपुऱ्याची. मिरजेत घडणाऱ्या या वाद्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच्या शेवटच्या, खर्जाच्या तारेवर सगळा स्वरविस्तार उभा असतो. जवारी नीट लागली की त्या एका तारेतून वरचे स्वरही उमलू लागतात. तानपुरा 'अधिक वाजवावा' असे कोणी म्हणत नाही. त्याचे सारे कौशल्य वादनापूर्वीच, वाद्य घडविण्यात व मिळविण्यात, खर्च झालेले असते.

या विवेचनातून साधी साथ श्रेष्ठ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. साधेपणाची अपेक्षा केवळ सौंदर्यशास्त्रातून आलेली नाही. तबला व सारंगी वाजविणाऱ्यांचे सामाजिक स्थान दीर्घकाळ गायकाच्या खालचे होते. मानधन कमी, बैठक मागे. जुन्या ध्वनिमुद्रिकांवर गायकाचे नाव ठळक असे, साथीदाराचे बहुधा नसेच. 'नुसता ठेका धर' या वाक्यात कलाविचार किती आणि हुकूम किती, हे प्रत्येक वेळी तपासून पाहावे लागते. विसाव्या शतकात एकल तबलावादन मंचावर प्रतिष्ठित झाले आणि वाद्यसंगीताच्या मैफलीत तबल्याला स्वतंत्र जागा मिळाली, यामागे कलेच्या विकासाइतकीच मान्यतेची ओढही होती. चमकदार तिहाईला पडणारी टाळी ही पुष्कळदा पिढ्यान्‌पिढ्या न मिळालेल्या नावाची भरपाई असते.

अमेरिकेतही चित्र वेगळे नव्हते. मोटाउन कंपनीच्या असंख्य लोकप्रिय गीतांमागील बेसवादक जेम्स जेमरसन (निधन 1983) उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने तार छेडीत. त्यांचे वादन मुळीच साधे नव्हते. ते सतत हलते, वळणे घेते. तरीही ते गायकाच्या शब्दांना कधी आड आले नाही. अशा या वादकाचे नाव कंपनीच्या एखाद्या महत्त्वाच्या ध्वनिमुद्रिकेवर छापले जाण्यासाठी 1971 चे 'व्हॉट्स गोइंग ऑन' यावे लागले. तोपर्यंत जगाने त्यांचे बेस ऐकले होते, त्यांना ओळखले नव्हते.

महाराष्ट्रापुरता विचार केल्यास उस्ताद अहमदजान थिरकवा यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. एकल वादनातील त्यांचे श्रेष्ठत्व सर्वमान्य होते. असे असूनही बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत त्यांनी अनेक वर्षे नाट्यपदांना साथ केली. ज्याच्या हाताखाली अवघड कायदे सहज फिरत, त्याने पदाच्या दोन ओळींमध्ये किती बोलावे याचा निर्णय घेणे, आणि ज्याला काहीच येत नाही त्याने ठेका धरून बसणे, ही दोन्ही वादने कागदावर सारखीच लिहिली जातील. श्रोत्याला मात्र ती सारखी वाटत नाहीत. पहिल्यातील प्रत्येक विराम निवडलेला असतो, दुसऱ्यातील नाइलाजाचा.

महाविद्यालयीन वाद्यवृंदांत बेस बहुधा त्या मुलाच्या हाती दिला जातो, ज्याला गिटार फारशी येत नाही. त्याला मुख्य गिटारवादकाएवढे महत्त्व कोणी देत नाही. म्हणून थोडे शिकताच तो स्लॅपकडे वळतो आणि गाणे डळमळू लागते. या मुलाला संयमाचा उपदेश करण्याचा मोह मार्गदर्शक प्राध्यापकांना होणे स्वाभाविक आहे. परंतु त्याआधी त्या कार्यक्रमपत्रिकेवर गायकासोबत बेसवादकाचे, ड्रमवादकाचे आणि तबलजीचे नाव छापले आहे काय, हे पाहण्यास काही हरकत नसावी. तालमीच्या वेळी एकदा बेस पूर्णपणे बंद ठेवून तेच गाणे सर्वांना ऐकवावे, हा प्रयोगही फारसा खर्चाचा नाही. ती पोकळी ऐकल्यावर गायक मागे वळून बेसवादकाकडे पाहतो, आणि बहुतेक वेळा त्यानंतरच्या फेरीत बेसवादक आपण होऊन कमी वाजवू लागतो.