थ्री नॉट थ्री ते एके-२०३: फौजीच्या खांद्यावरची रायफल

१९६२ च्या चीन युद्धात आपले बहुतेक जवान थ्री नॉट थ्री घेऊन लढले. मॅगझिनमध्ये १० गोळ्या, आणि प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढायचा. त्यानंतर ईशापूरची ७.६२ एसएलआर आली: बोल्ट ओढायची कटकट संपली, मॅगझिन २० गोळ्यांचं झालं.

ओळखीचे एक निवृत्त सुभेदारकाका आजही एसएलआरचंच नाव काढतात. "जड होती, खांदा सुजवायची, पण गोळी लागली की माणूस उठत नसे!"

मग ५.५६ ची इन्सास कशाला आणली? उत्तर वजनात आहे. ७.६२ एसएलआरचं एक काडतूस साधारण २४ ग्रॅमचं, तर ५.५६ चं जेमतेम १२. म्हणजे तेवढ्याच ओझ्यात दुप्पट गोळ्या, शिवाय धक्काही कमी. पण कारगिलच्या थंडीत इन्सासची प्लॅस्टिकची मॅगझिन तडकल्याच्या तक्रारी आल्या, आणि नाव खराब झालं ते झालंच.

आता लांब पल्ल्यासाठी पुन्हा ७.६२ × ५१ ची सिग ७१६ आणि अमेठीत बनणारी एके-२०३. एके-२०३ ची गोळीही ७.६२ च, पण ५१ ऐवजी ३९ मिमी लांबीच्या केसच्या आखूड काडतुसाची. दोन्ही काडतुसं एकमेकांच्या रायफलीत चालत नाहीत!

आणि हो, इन्सासची काडतुसं आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्यातही बनतात.

घरात कुणी माजी सैनिक आहेत? त्यांची आवडती रायफल कोणती, विचारून कमेंटमध्ये नक्की सांगा. जय हिंद! 🇮🇳