साभार परत

आमच्या दिवाळी अंकासाठी मी कविता निवडतो. ‘साभार परत’ लिहिताना दरवेळी हात अडखळतो, म्हणून ख्रिश्चन वायमन मला जवळचा वाटतो. पश्चिम टेक्ससमध्ये १९६६ साली जन्मलेला हा कवी २००३ ते २०१३ शिकागोच्या ‘पोएट्री’ मासिकाचा संपादक होता. याच मासिकाने रूथ लिली या बाईंच्या कविता नाकारल्या होत्या, आणि २००२ मध्ये त्यांनीच मासिकाला सुमारे १० कोटी डॉलर देऊ केले! आमच्याकडे कविता परत केली की फार तर वर्गणी बंद होते.

वायमनला ३९व्या वाढदिवशी दुर्मीळ रक्तकर्करोगाचं निदान कळलं. लिहिणं त्याआधीच आटलं होतं. मग पुन्हा शब्द फुटले, सुटलेली श्रद्धाही परतली. ‘माय ब्राइट अबिस’ हे गद्य त्याच काळातलं.