नवराबायको आणि ईमेलची किल्ली

नवराबायकोत कसलं आलंय गुपित, असं आपण सहज म्हणून जातो. संसार सुरळीत चालला आहे तोवर हे म्हणणं शोभतंही. विजेचं बिल तो भरतो, विम्याचा हप्ता ती भरते, आणि पासवर्ड दोघांनाही पाठ असतात. पण आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, समजा संगमनेरच्या, अशा एखाद्या घरात बिनसलं, वेगळं व्हायचं ठरलं, तर कालची ती किल्ली आज वापरता येते का?

आधी जुन्या पत्राकडे पाहू. १८९८ च्या टपाल कायद्यात, दुसऱ्याचं पत्र त्याला अपाय करण्याच्या हेतूनं फोडणं हा गुन्हा होता. अज्ञान मुलांच्या आईबापांना नि पालकांना त्यातून सूट होती. नवऱ्याला नव्हती, बायकोलाही नव्हती. तो कायदा २०२४ मध्ये गेला. ईमेलला लागू पडतो तो २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा. त्याच्या ४३ व्या कलमान्वये, ज्याच्या ताब्यातलं खातं त्याच्या परवानगीवाचून आत शिरलं, तर भरपाई मागता येते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटानं केलं, तर ६६ व्या कलमाखाली ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लग्न झालंय म्हणून माफी, असं त्यात कुठंही नाही.

तुम्ही म्हणाल, पासवर्ड तर त्यानंच दिला होता! खरं, पण बिल भरायला दिलेली परवानगी कज्जासाठी पत्रं चाळायलाही पुरते का, हा वाद उभा राहतोच.

मुंबईतलं एक प्रकरण पाहा. एका विवाहितेनं नवऱ्याच्या नि सासऱ्याच्या ईमेल खात्यांत परवानगीवाचून शिरून, छळाच्या तक्रारीसाठी तिथला मजकूर मिळवला. ऑक्टोबर २०११ मध्ये न्यायनिर्णय अधिकाऱ्यांनी ठरवलं, की कायद्याचा भंग झाला. पण मजकूर पोलीस आणि न्यायालय यांच्यापलीकडे गेला नाही, सबब भरपाई नाही. सरकारी तिजोरीत १०० रुपये दंड भरावा, एवढंच. रक्कम नाममात्र, पण चूक ती चूकच ठरली.

मग असा पुरावा न्यायालय पाहतं का? १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की पत्नीशी झालेलं संभाषण नवऱ्यानं तिच्या नकळत ध्वनिमुद्रित केलं असलं, तरी घटस्फोटाच्या दाव्यात ते पुरावा म्हणून घेता येईल. ते प्रकरण नवऱ्याच्या स्वतःच्याच संभाषणाचं होतं, दुसऱ्याच्या खात्यात शिरण्याचं नव्हे, हे ध्यानात ठेवा. शिवाय पुरावा आत घेतला जाणं वेगळं, आणि तो मिळवण्याची वाट निर्दोष असणं वेगळं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे त्याच न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये ठरवलेलं आहे.

तेव्हा करावं काय? तुम्हाला आलेली पत्रं तुमची. ती जपून ठेवा, पुसू नका. दुसऱ्याच्या खात्यातला कागद हवा असेल, तर तो हजर करण्याचा हुकूम वकिलामार्फत न्यायालयाकडे मागा. आपले पासवर्ड बदला. घरच्या सामाईक फोनवर आपलं खातं उघडं राहिलंय का, तेही पाहा.

घर दोघांचं असलं, तरी प्रत्येकाच्या नावाचं टपाल ज्याचं त्याचंच असतं. भांडण लागल्यावर तर हे अधिकच सांभाळायला हवं. कारण रागाच्या भरात उघडलेलं पत्र पुन्हा चिकटवता येत नाही.