मँचेस्टरच्या तारेपासून समृद्धी महामार्गापर्यंत

11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि कोपरगाव तालुक्याच्या शिवारातून मोटारी ताशी 120 किलोमीटरने धावू लागल्या. याच तालुक्यात 1983 पासून संजीवनी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत मुलांना पोलादाची सळई यूटीएम (युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन) या यंत्रात ताणून दाखवतात, तेव्हा ती तुटायला काही मिनिटे लागतात. समोरून धडकलेल्या मोटारीचा पुढचा सांगाडा मात्र सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास चुरगळून जातो. सावकाश ताणून मिळालेला आकडा त्या क्षणाला लागू पडतो का, याचा शोध दीडशे वर्षे चालू आहे.

1872 च्या सुमारास मँचेस्टरमध्ये जॉन हॉपकिन्सनने लोखंडी तार वरच्या टोकाला पक्की बांधून उभी टांगली आणि तिच्यात ओवलेले वजन तळाच्या अडणीवर पडू दिले. धक्का खाली बसत होता, पण तार अनेकदा वरच्या टोकाला तुटली! धक्क्याची लाट तारेतून वर जाते, पक्क्या टोकावरून परतते आणि तिथला ताण वाढवते. तार तुटणे पडणाऱ्या वजनापेक्षा त्याच्या वेगावर अवलंबून असते, हेही त्याला दिसले. त्याचा मुलगा बर्ट्रम याने 1905 मध्ये दाखवून दिले, की क्षणभरच टिकणारा ताण असेल तर पोलाद नेहमीच्या मर्यादेहून जास्त भार सोसते. 1914 मध्ये त्याने स्फोटाचा आणि गोळीच्या आघाताचा दाब पोलादी दांड्याने मोजण्याची रीत मांडली. चारच वर्षांनी तो विमान अपघातात गेला.

पुढची मोठी झेप हर्बर्ट कोल्स्की यांची. 1949 मध्ये त्यांनी दांड्याचे दोन भाग केले आणि मधल्या फटीत पदार्थाची पातळ चकती ठेवली. एका दांड्यातून आलेली लाट चकतीवर आदळते; काही भाग मागे फिरतो, काही पलीकडच्या दांड्यात जातो. या लाटा मोजल्या की चकतीवर किती ताण आला आणि ती किती दबली, दोन्ही कळते. कोल्स्कींनी लाट उठवायला डिटोनेटर वापरला होता. आज हवेच्या दाबाने पोलादी ठोकळा सोडतात आणि दांड्यांवर चिकटवलेले स्ट्रेन गेज हे संवेदक लाटांची नोंद घेतात. सारा प्रयोग सेकंदाच्या काही दशसहस्रांश भागात आटोपतो. यूटीएमहून लाखो पटींनी जास्त वेगाने पदार्थ दाबण्याची ही सोय आजही जगभर वापरात आहे.

त्यातून दिसलेले चित्र सरळसोट नाही. साधे पोलाद वेगाने ताणले तर कायमचे वाकण्याआधी बरेच जास्त बळ सोसते; ॲल्युमिनियमच्या कित्येक मिश्रधातूंवर वेगाचा फारसा परिणाम होत नाही. आयआयटी मुंबईत एन. के. नाईक आणि सहकाऱ्यांनी काचतंतू-इपॉक्सीच्या विणलेल्या संमिश्रावर असे प्रयोग केले. 2010 च्या त्यांच्या अभ्यासात झटक्याने ताणल्यावर त्याचे बळ वाढलेले दिसले. म्हणून प्रत्येक पदार्थ त्या त्या वेगाला तपासावाच लागतो. संगणकावर मोटार आपटून पाहणाऱ्या अभियंत्याला हेच आकडे लागतात.

महाराष्ट्रात मोटारींच्या चाचण्यांचे काम 1966 मध्ये स्थापन झालेली पुण्याची एआरएआय ही वाहन संशोधन संस्था करते. तरी ग्राहकाला जाग आली ती जानेवारी 2014 मध्ये. गाड्या आपटून त्यांच्या सुरक्षेला तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी 64 किलोमीटरने आपटल्या आणि प्रौढांच्या सुरक्षेत पाचही शून्य तारे घेऊन बाहेर पडल्या. ऑक्टोबर 2017 पासून नव्या मॉडेलांना धडक चाचणी सक्तीची झाली. ऑक्टोबर 2023 मध्ये तारे देणारे देशी भारत एनकॅप सुरू झाले आणि डिसेंबरमध्ये टाटा हॅरियर व सफारी यांना त्याचे पहिले पाच तारे मिळाले. ही प्रगती खरी आहे, आणि उशिरा झालेली आहे.

पण तारे मिळतात ते 64 च्या वेगाला. ताशी 120 ला गाडीतली ऊर्जा साडेतीन पट असते; कोणत्याही पोलादाचे वाढलेले बळ एवढी तफावत भरून काढत नाही. कोपरगावहून समृद्धीवर चढणाऱ्यांनी गाडीचे तारे जरूर पाहावेत, वेग आवरावा आणि मागच्या सीटवरच्यांनीही पट्टा बांधावा.