पार्सल सांगेल तो पट्टा

मुंबई-नाशिक महामार्ग सोडून मानकोलीला वळलं, की काल्हेर, पूर्णा अशी गोदामांची गावं एकामागून एक लागतात. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेरची, तरीही शहराला आणि न्हावाशेवा बंदराला सोयीची जागा म्हणून भिवंडीच्या आसपास ही गोदामं वाढली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. राज्याराज्यांत करापुरती ठेवलेली छोटी गोदामं कंपन्यांनी एकत्र केली आणि मोठ्या छपरांच्या वखारी उभ्या राहिल्या. ऑनलाइन खरेदीची पार्सलं आज अशाच छपरांखाली उतरतात, गावांनुसार वेगळी केली जातात, पुन्हा गाड्यांत भरली जातात. हे सगळं पेलणारं यंत्र दिसायला अगदी साधं आहे: दोन ड्रमांवर ताणून बसवलेला, गोल फिरत राहणारा पट्टा.

आजच्या पट्ट्याची घडण खाणीत झाली. १८९० च्या दशकात थॉमस रॉबिन्स या अमेरिकी संशोधकानं एडिसनच्या लोहखनिजाच्या कामासाठी पट्टे सुधारले. खनिजाच्या धारदार दगडांनी कापडी पट्टे भराभर फाटत. झिजलेले पट्टे नीट पाहिल्यावर त्याच्या लक्षात आलं, की वरचा रबराचा थर आतल्या कापडापेक्षा जास्त टिकतो. त्यानं वरचं रबर जाड केलं. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात या पट्ट्यानं मोठं पारितोषिक पटकावलं. पट्टा कसा असावा हे त्यावरून जाणारा माल ठरवतो, हा रॉबिन्सचा धडा पार्सलच्या धंद्याला आजही तंतोतंत लागू पडतो.

म्हणूनच निवडीची सुरुवात कॅटलॉगपासून करू नये. आधी आपलं पार्सल मोजावं. सर्वांत लहान केवढं, सर्वांत लांब केवढं, सर्वांत जड किती किलोचं? पुठ्ठ्याचे खोके किती आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या किती? आपल्याकडे कपडे, चार्जर, पुस्तकं बहुधा मऊ पिशवीतच येतात आणि पिशवीचा तळ कधीच सपाट नसतो. सायकल, टायर, लांब पाइप, गळकी बाटली असा माल पट्ट्यावर घ्यायचाच नाही, हेही आधीच ठरवून त्याची वाट वेगळी काढावी. असं एक पार्सल अडकलं, की मागची सगळी रांग थांबते.

मग हिशेब करायचा तो तासाचा. समजा, हबमध्ये दिवसाला ४८,००० पार्सलं येतात. चोवीस तासांत भागलं तर ताशी २,००० होतात आणि एक साधी लाइन पुरेशी वाटते. पण गाड्या संध्याकाळी एकदम लागतात आणि रात्रीची गाडी ठरल्या वेळी सुटावी लागते. निम्मा माल चार तासांत काढायचा असेल, तर ताशी ६,००० चा वेग हवा. आता पट्ट्याकडे बघू. पट्टा सेकंदाला एक मीटर धावतो, पार्सल ४० सेंटिमीटरचं आहे आणि दोन पार्सलांत ६० सेंटिमीटरची मोकळी जागा आहे. म्हणजे सेकंदाला एक पार्सल, ताशी ३,६००. अशा दोन लाइनी लागतील, आणि दिवाळीचा सेल डोळ्यांसमोर असेल तर त्याहून जास्त. मधली मोकळी जागाही आपोआप पडत नाही. लागोपाठचे छोटे पट्टे चढत्या वेगानं चालवले, की पार्सलं एकमेकांपासून सुटी होतात.

खोकेच खोके असतील तर रोलर स्वस्त पडतात. उतार दिला तर वीजही लागत नाही. नियम एवढाच, की सर्वांत लहान खोक्याखाली सदैव किमान तीन रोलर असावेत. ३० सेंटिमीटरच्या खोक्याला दर १० सेंटिमीटरवर रोलर हवा. माल थांबवून ठेवायचा असेल तर २४ व्होल्टची मोटर असलेले रोलर उत्तम. सेन्सर पुढची जागा रिकामी आहे का ते बघतो, तेवढाच भाग फिरतो, खोके एकमेकांवर दाबले जात नाहीत आणि वीज वाचते. मऊ पिशवी मात्र रोलरांच्या फटीत तोंड घालते. तिला सलग पट्टाच हवा.

पट्ट्यातही निवड आहे. सपाट वाटेवर गुळगुळीत पीव्हीसी चालतो, चढावर खरखरीत पृष्ठभागाचा लागतो. खालची बाजू पत्र्यावरून घसरत जाणार असेल तर तिथलं कापड कमी घर्षणाचं असावं, नाहीतर मोटर विनाकारण वीज खाते. सांधा जवळून बघावा. लोखंडी क्लिपांचा सांधा पटकन होतो, पण क्लिपचं टोक पिशवी फाडतं. दोन्ही टोकं दातेरी कापून, एकमेकांत बसवून, उष्णतेनं वितळवून जोडलेला सांधा हाताला जवळजवळ लागत नाही. पार्सलच्या कामाला तोच योग्य. एक पट्टा संपून दुसरा सुरू होतो ती फटही अशीच तपासावी. मोठ्या ड्रमांमध्ये मोठी खाच राहते आणि पिशवीचा कोपरा तिथेच खाली ओढला जातो. टोकाला बारीक रोलर बसवला, की खाच लहान होते.

शेवटी वर्गवारी. कॅमेरा बारकोड वाचतो आणि पिनकोडवरून पार्सलची वाट ठरते. ४११ आला की पुणे, ४०३ आला की गोवा. हे सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाले आणि त्यामागे टपाल खात्यातले मराठी अधिकारी, संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर होते. माणसानं वाचायला केलेली ती रचना आज यंत्र क्षणात वाचतं. सपाट तळाचे खोके असतील तर पट्ट्यावरचे सरकते ठोकळे त्यांना अलगद बाजूला ढकलतात. पिशव्या आणि खोके मिसळलेले असतील तर क्रॉस-बेल्ट घ्यावा. त्यात प्रत्येक गाड्यावर एक आडवा छोटा पट्टा असतो. ठरलेल्या जागी तो फिरतो आणि पार्सल घसरगुंडीत सोडतो. तो महाग आहे, पण पिशव्यांच्या देशात तो खर्च वसूल होतो.

डोक्यावरून ओझी वाहणाऱ्यांसाठी १९६९ साली माथाडी कायदा करणाऱ्या या राज्यात पट्ट्याकडे कष्ट कमी करणारं साधन म्हणून बघायला हवं. लांबत जाणारा टेलिस्कोपिक पट्टा थेट ट्रकच्या पोटात शिरतो, तेव्हा तापलेल्या पत्र्याखाली वाकून चालणाऱ्या लोडरचे हेलपाटे वाचतात. ड्रमवर पट्टा चढतो तिथे जाळी आणि लाइनभर हाताच्या अंतरावर थांबवण्याची दोरी, या दोन गोष्टींवर पैसा वाचवू नये. ओढणी किंवा सैल बाही अडकायला क्षण पुरतो.

पट्टा एका बाजूला पळू लागला तर ताण कोण जुळवणार, सांध्याचं मशीन जवळ कुठे आहे, जादा पट्टा गोदामात आहे का, हे प्रश्न खरेदीआधी विचारावेत. त्या बैठकीत लोडर आणि मेंटेनन्सवाला दोघेही असावेत, कारण रात्री दोन वाजता लाइन त्यांच्याच हातात असते. आणि ऑर्डर देण्यापूर्वी आपल्याच गोदामातली एका दिवसाची पार्सलं, त्यातली वाकडी, फुगलेली, निसरडी मुद्दाम वेचून, कारखानदाराच्या चाचणी लाइनवर चालवून बघावीत. जो पट्टा तेवढी नीट पुढे नेतो, तो घ्यावा.